गवर येईपर्यंत

आमच्या मजल्यावर कुणालाही विचार, वैनीचा जीव कुणी वाचवला? माझंच नाव सांगतील. सुनंदानं. सख्खी बहीण करणार नाही एवढं जावेसाठी केलं, म्हणतील. मी ऐकते, मान खाली घालते, आणि लोकांना वाटतं, बाई किती साधी! गेली चार वर्षं हे असंच चाललंय. खरं काय घडलं ते माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेलं नाही — नवऱ्यापुढे नाही, लेकीपुढे नाही. देवापुढे बोलायची गरजच नव्हती. त्या दिवसांत तो घरातच बसला होता, मखरात, माझ्यापासून चार हातांवर. त्यानं बघितलंच असणार.

आज तुला सांगते. मध्ये अडखळले तर अडखळू दे. आणि माझी बाजू घेऊ नकोस हं — ती सवय आहे लोकांना, लगेच म्हणतात, जाऊ दे गं, तुझ्या मनात तसं नव्हतं. होतं. माझ्या मनात तसंच होतं.

वैनी म्हणजे माझी थोरली जाऊ. लालबागला आमच्या खोल्या समोरासमोर, मध्ये फक्त गॅलरी. मूळचे आम्ही कुडाळकडचे, सासरे गिरणीत होते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू हयात नव्हती, त्यामुळे वैनीच सासू आणि वैनीच जाऊ. वाईट होती का? तसं सांगता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं! हुकूम सोडायची, ते खरं. माझ्या बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं जास्त पडली तर चारचौघांत बोलायची. पण माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस तिनं मला पाण्यात हात घालू दिला नाही. लेकीला गोवर आला तेव्हा उशाशी बसली ती वैनी, मी नाही. मग एवढा राग कसला होता माझा?

पायांचा होता. हस तू, पण पायांचा होता.

आमच्याकडे गणपतीबरोबर गवर येते. तेरड्याची रोपं, हळदीचं पान, सगळं बांधून सुपात ठेवायचं आणि पाणवठ्यावरून घरी आणायचं. गावाला विहिरीवरून आणतात, आम्ही चाळीच्या खालच्या नळावरून आणतो. आणायचा मान थोरल्या सुनेचा. ती डोक्यावरून पदर घेऊन, सूप छातीशी धरून जिना चढते, मागे घंटा, सगळ्या मजल्यांवरची माणसं दारात. ती उंबऱ्याशी थांबते आणि धाकट्या सुनेनं खाली वाकून तिचे पाय धुवायचे, आधी दुधानं, मग पाण्यानं. पुसायचे, कुंकू लावायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा. आतून कुणीतरी विचारतं, गवर कुठल्या पावलांनी आली? ती म्हणते, सोन्याच्या. आणि आत जाते.

सत्तावीस वर्षं मी तिचे पाय धुतले. पहिल्या वर्षी कौतुकानं, पाचव्या वर्षी सवयीनं, आणि कधीतरी — केव्हा ते नाही सांगता येत — दात-ओठ खात. तिच्या टाचांच्या भेगा मला पाठ होत्या. लोक वर बघायचे, तिच्या तोंडाकडे. माझी पाठ दिसायची सगळ्यांना. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस काय करू शकतं, ते ऐक आता.

साखर वैनीला बरीच वर्षं होती. पथ्य नावाला. गणपतीच्या आधी पाच-सहा महिने, शिमग्याच्या सुमारास, तिच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पायाच्या रक्तवाहिन्या आतून बुजल्या होत्या, फुगा घालून एक उघडली, पण अंगठा आणि शेजारचं बोट गेलंच. घरी सोडताना डॉक्टरीण मला आणि प्रशांतला — प्रशांत म्हणजे वैनीचा मुलगा — बाजूला घेऊन बोलली. तरुण मुलगी, केस आखूड, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. म्हणाली, एकदा बोट कापलं म्हणजे संपलं असं समजू नका, धोका आता खरा सुरू झाला. ज्या पायाचं एकदा कापलं त्याचं पुन्हा वर कापायची पाळी येते, तीही पहिल्या वर्षातच बहुतेक. साखर, बुजलेल्या नसा, किडनीवर आलेला ताण, तंबाखू — आणि सगळ्यात वाईट म्हणजे यांच्या पायाला कळतच नाही. खिळा घुसला तरी कळणार नाही. डोळेही अधू झालेत. तर रोज कुणीतरी पाय बघायचा. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. रंग बदलला, फोड आला, वास आला, तर त्याच दिवशी आणायचं, उद्यावर ढकलायचं नाही. कोण बघणार?

मी म्हटलं, मी बघते.

का म्हटलं? चांगुलपणा होता थोडा, खोटं नाही बोलत. प्रशांत आणि त्याची बायको दोघंही सकाळी सातला कामावर जायची, भाऊजी — म्हणजे वैनीचा नवरा — त्यांना जखम बघून चक्कर यायची. उरले मी. रोज सकाळी आंघोळी आटपल्या की मी वैनीच्या खोलीत जायची, खाली बसायची, तिचा पाय मांडीवर घ्यायची, उजेडाकडे फिरवून बघायची. ती छताकडे बघत विचारायची, "काय दिसता गो?" मी म्हणायची, "स्वच्छ आहे." ती "बरा झाला" म्हणायची आणि चहा ठेवायला सांगायची. रोज हेच. पाच महिने मी खरंच नीट बघितलं, हेही लिहून ठेव कुठेतरी.

तंबाखूचं आधी सांगून टाकते. डॉक्टरणीनं विचारलं होतं, बिडी, सिगारेट, तंबाखू काही? वैनी ठणकावून म्हणाली, नाय. आमच्याकडे मिश्रीला कुणी तंबाखू म्हणतच नाही गं! सकाळी तव्यावर भाजायची, डबीत भरायची, दातांना लावून तासभर बसायचं, ते दात घासणं झालं. मीच म्हटलं, मिश्री लावते. डॉक्टरीण कपाळाला हात लावून म्हणाली, अहो मावशी, तो तंबाखूच! त्यानं नसा आणखी आवळतात, एक दाणा लावायचा नाही. घरी आल्यावर प्रशांतनं डबी कचऱ्यात टाकली. आठवड्याभरात वैनी माझ्याकडे आली. गॅलरी ओलांडून, भिंतीला धरत. जिनं मला कधी चमचा मागितला नव्हता ती म्हणाली, "वाइच देशील?" मी दिली. माझी आई लावायची, कुठे मिळते मला माहीत होतं. पण लगेच दिली नाही हं. आधी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा दिली, आणि चिमूटभरच दिली, म्हणजे उद्या परत यावं लागेल. मला आवडायला लागलं होतं ते. तिचं येणं, दारात उभं राहणं, इकडेतिकडे बघून हात पुढे करणं.

पण हे ते नाही. तुला वाटलं असेल हेच. हे तर मी अर्धंमुर्धं कबूलही केलंय — केलंय म्हणजे, कसं केलं ते पुढे येईलच.

श्रावण संपत आला तेव्हा वैनीनं सगळ्यांना जेवताना सांगितलं, "माका आता जिनो झेपूचा नाय. यंदापासून गवर सुनंदा घेऊन येतली." असं, भात कालवता कालवता. ती माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, हिंदमाताला जा, चांगली साडी घे, हिरवी घे, काठ मोठा बघ. मी गेले. तीन दुकानं फिरले. आरशासमोर पदर डोक्यावरून घेऊन बघितला, दुकानातला माणूस म्हणाला, ताई, कार्य आहे का घरी? मी म्हटलं, हो. ब्लाऊज शिवायला टाकलं. कशी तरंगत होते म्हणून सांगू!

आणि गवर यायला पाच दिवस उरले असताना, सकाळी, तिच्या डाव्या पायाच्या कडेला, जिथे टाके होते त्याच्या जरा खाली, मला डाग दिसला.

हरभऱ्याच्या डाळीएवढा. जांभळट. आजूबाजूची कातडी लाल आणि गरम. मी बोट दाबलं, तिला काही कळलं नाही. मला कळलं. पाच महिने रोज पाय बघणाऱ्या बाईला एका नजरेत कळतं, तिथे शंकेला जागा नव्हती. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि त्या एका क्षणात माझ्या डोक्यात सगळं फिरून गेलं — आज सांगितलं की आज ॲडमिट. घर हॉस्पिटलात. भाऊजी म्हणणार, यंदा गणपती दीड दिवसात उरकू, गवर नुसती कोपऱ्यात ठेवू, कसली हौस आलीय आता. आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी वैनी बरी झाली, जिना चढायला लागली तर?

"काय दिसता गो?"

"स्वच्छ आहे," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बरा झाला."

दुसऱ्या दिवशी डाग चार आण्याच्या जुन्या नाण्याएवढा झाला. मी म्हटलं, स्वच्छ. तिसऱ्या दिवशी मध्यभागी फोड. मी त्यावर हॉस्पिटलनं दिलेलं मलम लावलं, पट्टी बांधली, वरून सुती मोजा चढवला. तिला म्हटलं, टाक्यांची जागा कोरडी पडलीय, म्हणून बांधते. मलम लावलं म्हणजे मी काहीतरी केलंच ना? स्वतःलाच विचारायची आणि स्वतःच मान डोलवायची. चौथ्या दिवशी गणपती आले. प्रशांतनं आईला खुर्चीत बसवून आरतीला पुढे आणलं. पट्टीला वास यायला लागला होता. मी खोलीत दोन अगरबत्त्या जास्त लावल्या. धूप जाळला. रस्ते बंद आहेत, मंडळांची गर्दी आहे, टॅक्सी तरी कुठून मिळणार, असंही मनाशी म्हणून झालं. खोटं होतं ते. परळ आमच्यापासून चालत किती? अडलेल्या बाईला नेतात लोक त्या गर्दीतून, वाट करून देतात सगळे.

कुणी एकानंही पाय उघडून बघितला असता तर! पण कोण बघणार? सगळ्यांचा माझ्यावर विश्वास. प्रशांत विचारायचा, काकी, पाय बरा आहे ना? मी म्हणायची, तू तुझी सजावट बघ रे, पायाचं मी बघते.

सहाव्या दिवशी गवर. मी नळावर गेले, हिरवी साडी, नाकात नथ, सूप छातीशी. सगळे मजले बघत होते, अगदी माझ्या तोंडाकडे. पाटकरांच्या सुनेनं फोनवर शूटिंग केलं. जिना चढताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते, खरं सांगते. उंबऱ्याशी आले, थांबले. पाय धुवायला प्रशांतची बायको उभी राहील असं मी धरून चालले होते. तर उंबऱ्याच्या आत, छोट्या स्टुलावर, वैनी बसली होती. दुधाचं तांब्या-भांडं घेऊन.

कुणीतरी म्हणालं, अहो काकू, तुम्ही थोरल्या, तुम्ही कशाला? ती म्हणाली, "सत्तावीस वर्सा तिना माझे धुतले. माका एकदा तरी धुवूक देत."

आणि मला म्हणाली, "पाय हडे कर गो."

मी पाय पुढे केला. ती वाकली. तिला वाकवत नव्हतं, घाम आला होता, ताप होता अंगात — तो सकाळीच मला लागला होता हाताला, मी तापाची गोळी देऊन गप्प बसवली होती. तिनं माझ्या पायावर दूध घातलं, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवला, जसा मी तिच्या फिरवायची. तिचा डावा पाय माझ्या पायाच्या शेजारी होता. मोज्यातून पिवळा-काळा ओघळ बाहेर आलेला. मला वरून स्वच्छ दिसत होता. तिला खालून दिसत नव्हता. तिनं माझ्या पायांना कुंकू लावलं. आतून विचारलं, गवर कुठल्या पावलांनी आली?

मी म्हटलं, सोन्याच्या.

तेव्हा तरी सांगायचं! सूप खाली ठेवून तिथल्या तिथे सांगायचं. पण दुसऱ्या दिवशी पूजा होती, हळदीकुंकू होतं, बायका मलाच आधी कुंकू लावणार होत्या. तिसऱ्या दिवशी विसर्जन. झालं. मी पुरते तीन दिवस घेतले. वैनी खोलीत पडून होती, दरदरून घाम, मध्येच बडबडायची, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होते, दमलीय, पडू दे.

नवव्या दिवशी सकाळी मी पट्टी सोडली आणि ओरडले. "अगं बाई, हे काय झालं!" इतकी छान ओरडले की समोरून माझा नवरा धावत आला. प्रशांतनं आईला उचललं. मी अनवाणी धावले त्याच्यामागे. तेच लोकांनी बघितलं, आणि तेच लोक सांगतात.

डॉक्टरणीनं मोजा कापला आणि माझ्याकडे बघितलं. हे कधीपासून? मी म्हटलं, आज बघितलं. काल? काल स्वच्छ होतं. तिनं लिहून घेतलं. मग परत वर बघितलं, म्हणाली, एका रात्रीत इतकं? तिचा विश्वास बसत नव्हता, मला दिसत होतं. आणि प्रशांत शेजारी उभा होता. तेव्हा मी काय केलं असेल? सांग बघू.

मी म्हटलं, "मिश्री लावते चोरून."

झालं. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. प्रशांत स्ट्रेचरवरच्या आईला बोलला, तापानं फणफणलेल्या आईला, सगळ्या वॉर्डासमोर — तुला पाय नको होता तर सांगायचं होतंस, आम्हाला कशाला नाचवलंस? कोण देतं तुला? नाव सांग! मी भिंतीला टेकले. आता संपलं, असं वाटलं. वैनीनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि मुलाला म्हणाली, "माका कोणी देऊक नाय. मीच मागवलंय."

माझं नाव नाही घेतलं तिनं.

गुडघ्याखाली पाय कापला. जखम भरेना, रक्त पोचत नव्हतं, महिन्यानं गुडघ्याच्या वर कापला. डॉक्टरीण म्हणाली होती, डाग पडला त्या दिवशी आणलं असतं तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं. कदाचित म्हणाली. त्या शब्दावर मी पुष्कळ दिवस काढले. मिश्रीनं गेला असता, साखरेनं गेला असता, पुन्हा जायचाच होता तो पाय — म्हणायला पुष्कळ आहे. पण नऊ दिवस मी माझ्या हातानं बांधून ठेवला, हे कुणी नाकारू शकेल का?

घरी आल्यावर वर्षभर प्रशांत आईशी धड बोलला नाही. भाऊजी अजूनही कुणी विचारलं की म्हणतात, व्यसन वाईट. वैनी ऐकून घेते. एकदा मला एकटीला म्हणाली, "माझ्याच हातान घालवलंय गो पाय. तुका उगाच त्रास." मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवायला गेले. गुडघा नव्हता. हात चादरीवर पडला. मी म्हटलं, जाऊ दे वैनी, झालं ते झालं. असं म्हटलं मी! मोठ्या मनानं माफ केल्यासारखं!

गवर आता मीच आणते. चार वर्षं झाली, सवय झाली लोकांना. ती व्हीलचेअर उंबऱ्याशी लावायला सांगते, तांब्या मांडीवर घेते, आणि मी पाय पुढे करते.

आणि रोज सकाळी आंघोळी आटपल्या की मी तिच्या खोलीत जाते. उजवा पाय राहिलाय. सून बघते म्हणाली होती, छोटा आरसाही आणला होता तिनं, पण वैनीनं ऐकलं नाही. माझ्याच डोळ्यांवर भरवसा आहे म्हणाली. मी तो पाय मांडीवर घेते, उजेडाकडे फिरवते. आजही घेतला. ती छताकडे बघत म्हणाली, "काय दिसता गो?"

"स्वच्छ आहे," मी म्हटलं.

खरंच स्वच्छ होता. पण आवाज तोच होता, त्या नऊ दिवसांचा. तिला फरक कळत नाही. ती म्हणाली, "बरा झाला," आणि मी चहा ठेवला.